श्रॉपशायरची शांतता कुठून आली?

वेल्सच्या सीमेला लागून असलेली श्रॉपशायर ही इंग्लंडमधली अगदी ग्रामीण काउंटी. मेंढ्यांची कुरणं, लाँग मिंडचं पठार आणि सपाटीतून एकटाच वर आलेला ४०७ मीटर उंचीचा रेकिन डोंगर. इथे पूर्वापार हीच शांतता नांदत असेल असं वाटतं. पण ही शांतता फार जुनी नाही.

आधी शतकानुशतकं हा सरहद्दीचा मुलूख होता. आठव्या शतकात ऑफा राजाने उभारलेला मातीचा बांध आजही काही ठिकाणी दिसतो. लडलोसारखे किल्ले नॉर्मन काळातले. मग आलं लोखंड.

हिमयुगात बर्फाच्या पाण्याने सेव्हर्न नदीची अरुंद घळ कोरली आणि दगडी कोळसा, लोहखनिज, चुनखडी असं सगळं काठालगत उघडं पडलं. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने इथल्या कोलब्रुकडेलच्या झोतभट्टीत लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजून शुद्ध केलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड गाळलं. लोखंडाची जंगलावरची भिस्त सुटायला सुरुवात झाली ती इथून. पुढे रात्री पेटलेल्या भट्ट्यांचा उजेड रंगवायला चित्रकार मुद्दाम येऊ लागले.

डार्बीच्या नातवाने १७७९ मध्ये नदीवर बिडाचा पूल उभारला. सुमारे ३७८ टन लोखंड, तीस मीटरची एकच कमान. खालून गलबतं जाऊ शकतील इतकी उंच. जवळ जाऊन पाहिलं तर तो चक्क सुतारकाम वाटतो. खाचेत बसवलेले दांडे, वर ठोकलेल्या पाचरी. एवढा मोठा पूल बिडात कुणी बांधलाच नव्हता, म्हणून लाकडाचे सांधे लोखंडात उतरवले. मला या वास्तूतली सर्वांत हृद्य गोष्ट हीच वाटते. १७९५ च्या महापुरात नदीवरच्या अनेक पुलांची दैना झाली, हा मात्र टिकला.

याच काउंटीत १७२५ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह जन्मला. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर इंग्रजांनी हल्ला केला, तेव्हा जमिनीवरचं सैन्य त्याच्या हाताखाली होतं. भारतात मिळवलेल्या पैशातून त्याने श्रॉपशायरमध्ये वॉलकॉटची इस्टेट घेतली, श्रूजबरीचा खासदारही झाला. तिथल्या चौकात १८६० पासून त्याचा पुतळा आहे. २०२० मध्ये तो हटवण्याची मागणी झाली, पण कौन्सिलने तो ठेवायचं ठरवलं. काउंटीच्या इतिहासात कोकणचा हा धागाही सांगितला गेलाच पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात खाणी आटत गेल्या, कारखानदारी दुसऱ्या भागांत सरकली आणि घळीत पुन्हा झाडी वाढली. पूल १९३४ मध्ये वाहनांना बंद झाला. दोन्ही काठ नदीकडे सरकून कमानीला दाबत असल्यामुळे १९७० च्या दशकात पात्राच्या तळाशी काँक्रीटचा आधार घालावा लागला. १९८६ मध्ये घळीचा हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.