चोथ्यात काय राहतं, पेल्यात काय उतरतं

गाजराचा रस गाळून झाला की फडक्यात नारिंगी, ओलसर चोथा उरतो. कितीही पिळला तरी त्याचे धागे बोटांना लागतात. हे धागे म्हणजे फळभाजीतले तंतू, फायबर. एरवी आपण तो चोथा विचार न करता टाकून देतो, पण घरात कोणाला पथ्य असेल तर आधी त्याच्याकडेच बघायला हवं.

साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे गाळल्यावर ती जवळपास सगळी रसात येते. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात साधारण १२ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम तंतू असतात. २४० मिली रसाला अशी दोन-तीन संत्री लागतात. म्हणजे साखर २० ग्रॅमच्या वर जाते आणि तंतू मात्र नावापुरते उरतात. फळ चावून खाल्लं की बरीचशी साखर पेशींच्या भिंतीआड राहते, पेक्टिन या पाण्यात विरघळणाऱ्या तंतूमुळे पोटातलं मिश्रण दाट होतं आणि ती रक्तात सावकाश पोचते. रसात हा अडसरच नसतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखरही वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरली आहे. मधुमेह असेल तर रस न गाळता मिक्सरमध्ये फिरवलेलं फळ बरं, आणि चावून खाल्लेलं त्याहून बरं.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मला जास्त काळजी वाटते ती पोटॅशियमची. तेही रसात उतरतं. पाव किलो गाजरांत सुमारे ८०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एवढी गाजरं चावून संपवणं कठीण, रस मात्र चार घोटांत संपतो. मूत्रपिंडं थकलेली असतील तर हे पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भाजीचे बारीक तुकडे भरपूर पाण्यात उकडले की पोटॅशियमचा बराच भाग त्या पाण्यात जातो. ते पाणी ओतूनच द्यायचं. 'सत्त्व वाया जायला नको' म्हणून ते पुन्हा रसात घातलं, तर सगळी मेहनत फुकट!

कच्च्या पालकात ऑक्झलेट भरपूर असतं; हे द्रव्य मूत्रपिंडात स्फटिक होऊन साचू शकतं. रोज हिरवा रस पिऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं वॉरफेरिन हे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचा रस मनाने सुरू करू नये. त्यातलं के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करतं. कारलं सोडून काकडी-भोपळ्याच्या जातीची भाजी असेल तर आधी तुकडा चाखावा. कडू लागला तर पूर्ण भाजी टाकावी, कारण कडवटपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो.

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डॉक्टर तंतू कमी ठेवायला सांगतात. तेव्हा हिशोब नेमका उलटा होतो. मधुमेहात जपायचा तोच चोथा इथे काढायचा असतो: आधी गाळणीतून आणि मग स्वच्छ मलमलच्या फडक्यातून, तळाशी गाळ दिसेनासा होईपर्यंत.