स्टराईल वॉटरच्या पिशव्या

स्टराईल वॉटर म्हणजे जंतू आणि क्षार दोन्ही काढलेलं नुसतं पाणी. दवाखान्यात ते पावडरचं इंजेक्शन विरघळवायला 5-10 मिलीच्या छोट्या अँप्युलमध्ये (सीलबंद कुपीत) येतं, नाहीतर 500 मिली, 1 लिटर, 3 लिटरच्या पिशवीत किंवा बाटलीत. अँप्युलने सहसा घोळ होत नाही, घोळ मोठ्या पिशवीचा, कारण ती अगदी सलाईनसारखीच दिसते.

आता जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, जरा थकवा आला की पेशंट स्वतःच म्हणतो "सिस्टर, एक बाटली लावून द्या ना". लटकवली ती सलाईन हे डोक्यात पक्कं, आणि साध्या पाण्याने काय होणार असंही वाटतं. पण होतं. नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं म्हणून ते रक्ताशी जुळतं, ऑस्मोलॅरिटी (पाण्यात किती कण विरघळलेत त्याचं माप) 308, रक्ताची 275 ते 295 च्या आसपास, आणि स्टराईल वॉटरची शून्य. ते शिरेत तसंच चढवलं की पाणी लाल पेशींमध्ये घुसतं, पेशी फुगून फुटतात, आतलं हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम रक्तात सांडतं, लघवी लाल-काळी होते, किडनी बसते आणि हृदयाची लय बिघडून माणूस दगावूही शकतो.

म्हणून मोठी पिशवी वॉर्डात ठेवायचीच नाही. ती फार्मसीत राहते, तिथे मापात क्षार किंवा डेक्स्ट्रोज (साखर) मिसळून रक्ताशी जुळणारं द्रावण करूनच वर पाठवतात. ऑपरेशन थिएटरला धुण्यासाठी लागते ती इरिगेशनची, तिच्यावर तसं छापलेलं असतं आणि ती शिरेत कधीच द्यायची नाही, म्हणून तिचा रॅक सलाईनपासून लांब. "पिशवीवरचं लाल अक्षर बघून घ्या" असं नुसतं सांगून भागत नाही, रात्री अडीचला तीन इमर्जन्सी एकदम आल्यावर कोण अक्षर वाचतो?

बाकी वापर साधे. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायर बाटलीत हेच पाणी टाकतात, नळाचं नाही, आणि लघवीच्या नळीचा, ती आत धरून ठेवणारा फुगाही याने फुगवतात कारण सलाईनचं मीठ आत साचून फुगा रिकामा व्हायला त्रास देऊ शकतं.

साठवणीत आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. लेबलवर बहुतेक 30 अंशांच्या खाली ठेवा लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो, त्यात लाईट गेली की पत्र्याच्या स्टोअरची भट्टी होते. खोकी जमिनीवर नको, भिंतीला चिकटून नको, जुना माल आधी काढायचा. वरचं प्लास्टिक वापरायच्या वेळीच फाडायचं, पिशवी दाबून गळती बघायची, उजेडात धरून आत कण किंवा गढूळपणा आहे का ते बघायचं. यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतो, त्यामुळे एकदा उघडलं की उरलेलं फेकायचं, कितीही जीवावर आलं तरी. अर्धी पिशवी झाकून उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवणारे लोक मी पाहिलेत.