एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) कमी आलं म्हणून हुरळून जाऊ नका

दादर-परळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला रांग असते. नळी यंत्रात फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर, नितळ सीरम राहतं. एखाद्या नळीत मात्र ते चक्क दुधाळ निघतं. टेक्निशियन ‘लायपेमिक’ (चरबीने गढुळलेलं) असा शेरा मारतो. ही नळी अनेकदा साखर हाताबाहेर गेलेल्या मधुमेह्याची असते.

हा पांढरेपणा ट्रायग्लिसराइड या चरबीने गच्च भरलेल्या कणांचा. जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन या मोठ्या कणांत येते. यकृत आपली चरबी व्हीएलडीएल कणांतून धाडतं. केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम ती उतरवून घेतं. इन्सुलिन कमी पडलं की हे एन्झाइम मंदावतं. शिवाय चरबीच्या पेशींतून सुटलेली फॅटी आम्लं यकृतात पोचतात आणि व्हीएलडीएल आणखी वाढतं. म्हणून बारा तासांच्या उपासानंतरही कायलोमायक्रॉन रक्तात रेंगाळतात. नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर त्यांची साय वर जमते. व्हीएलडीएल असेल तर खालचं सीरम गढूळच राहतं.

बिघाड एवढ्यावर थांबत नाही. हे चरबीने भरलेले कण आपलं ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलला (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांना) देऊन बदल्यात कोलेस्टेरॉल घेतात. मग यकृतातलं लायपेज त्या एलडीएलला छाटतं आणि लहान, घट्ट कण तयार होतात. ते धमनीच्या भिंतीत सहज शिरतात. एचडीएल घटतं ते वेगळंच.

रिपोर्टवर मात्र यातलं फारसं उमटत नाही. पुष्कळ लॅब अजून 1972 च्या फ्रीडवाल्ड सूत्राने एलडीएल काढतात. त्यात एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा होतो. ट्रायग्लिसराइड 400 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेलं की हे गणित कोलमडतं आणि एलडीएल खोटंच कमी दिसतं. अशा वेळी डॉक्टरांना नॉन-एचडीएल (एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल) किंवा एपो-बी (या कणांवरचं प्रथिन) विचारा. एपो-बीचा एक रेणू म्हणजे एक कण, त्यामुळे कणांची खरी संख्या कळते.

ट्रायग्लिसराइडचा आकडा 1000 च्या पुढे गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका बराच वाढतो. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येऊन ती पाठीत गेली, तर ॲसिडिटी समजून गोळी घेत घरी बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा आणि ट्रायग्लिसराइडचा जुना रिपोर्ट सोबत न्या. दुधाळ सीरममध्ये ॲमायलेजची (स्वादुपिंडाची सूज ओळखायला तपासतात त्या एन्झाइमची) तपासणीसुद्धा फसवी नॉर्मल येऊ शकते.