गायरान, ना हरकत आणि गावाचा कौल : मराठवाड्यातील सौरप्रकल्पांची पार्श्वभूमी

जिथे सौरप्रकल्पाची वीज पोहोचलेली नाही तिथे कृषिपंपांना वीज चक्राकार पद्धतीने मिळते, म्हणजे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन हरभऱ्याला दारे धरायला जावे लागते, आणि विंचूकाट्याच्या भीतीने घरची माणसेही जागी राहतात. मराठवाड्यातील शेतकरी सौरऊर्जेला अनुकूल आहे तो मुख्यतः या रात्रीपासून सुटका हवी म्हणून. हवामानबदलाची चिंता त्यानंतर येते. २०१७ मध्ये राज्याने शेतीच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर चालवणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, तेव्हा ‘दिवसा वीज’ हे दोनच शब्द गावोगाव पोहोचले. या टप्प्यातील राज्यातला पहिला प्रकल्प, ३ मेगावॅटचा, २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगावात सुरू झाला.

प्रकल्प तत्त्वतः मान्य, पण आपल्या शिवारात नको, या वृत्तीला पाश्चात्त्य अभ्यासकांनी आधी ‘परसात नको’ असे नाव दिले होते आणि तिच्यामागे केवळ स्वार्थ पाहिला होता. पुढील संशोधनाने हे निदान बरेचसे खोडून काढले. जागेशी जडलेले नाते, निर्णय घेण्याच्या रीतीतील न्याय, लाभाची वाटणी आणि प्रकल्प आणणाऱ्यावरचा विश्वास या गोष्टी विरोधाचा उलगडा अधिक नीट करतात, असे दिसून आले. याच अभ्यासाने पाठिंबा आणि निमूट स्वीकार यांत फरक केला. आपल्याकडे तो फरक कागदावरच पुसला जातो, कारण गावाकडून जिथे दाखला घेतला जातो तिथे त्याचे नाव ‘ना हरकत’ असते. हरकत न घेणारा माणूस राजी असेल, बेफिकीर असेल, किंवा ग्रामसभेत बोलून उपयोग नाही असे मानून मागे उभा राहिलेला असेल. दाखल्यावर तिघे सारखेच दिसतात.

हा गोंधळ सर्वांत महागात पडतो तो गायरानावर. महसुली नोंदीत गायरान ही सरकारी जमीन, म्हणून प्रकल्पाला सोयीची. गावात मात्र ती कुणाची चराई, कुणाची स्मशानाची वाट आणि अनेक भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन असते. १९५० आणि १९६० च्या दशकांतील भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून हा हक्काचा प्रश्न मराठवाड्यात धगधगत आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला, तरी सातबाऱ्यावर नाव न लागलेली कुटुंबे राहिलीच. त्यात २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, घरोघरी नोटिसांची धास्ती पसरली आणि पुढच्याच वर्षी त्याच जमिनी सौरप्रकल्पांसाठी मोजल्या जाऊ लागल्या. या क्रमाने आलेल्या मोजणीकडे कसणारा माणूस विजेची योजना म्हणून पाहील, ही अपेक्षाच चुकीची होती. त्याच्या विरोधाला ‘विकासविरोध’ म्हणणे तर सरळ अन्याय आहे.

पवनचक्क्यांचा अनुभव वेगळा. बालाघाटच्या पठारावर त्या उभ्या राहिल्या आणि दुष्काळाच्या वर्षांत ‘पाती ढग पळवतात’ ही समजूत कानावर येत राहिली. तिला शास्त्रीय आधार नाही. पण पाऊस गेला आणि त्याच सुमारास डोंगरावर परकी वस्तू आली, तर मन त्या दोहोंची सांगड घालतेच.

खासगी जमिनीसाठी दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. मालकासाठी हा करार कोरडवाहू सोयाबीनपेक्षा निर्धास्त, पण त्याच रानातील बटाईदाराचे काम जाते आणि त्याचे नाव करारात येत नाही. गावाच्या वाट्याला ग्रामपंचायतीमार्फत वर्षाला ५ लाख रुपये ठेवले आहेत, तेही तीनच वर्षे. वीजखरेदीचा करार मात्र २५ वर्षांचा असतो.