पहिली हत्यारं घेताना: नव्या टू-व्हीलर मेकॅनिकसाठी माहिती

नवीन गॅरेज टाकणारा गिऱ्हाईक दुकानात आला की त्याची नजर आधी जाते ती शंभर-सव्वाशे नगांच्या प्लास्टिक पेटीवर. गोट्या (म्हणजे सॉकेट), बिट, एलन की, छोटी पक्कड सगळं एकाच ठिकाणी, आणि भाव म्हणाल तर चांगल्या रिंग पान्यांच्या एका संचाएवढा. ही पेटी आम्हीही विकतो. घरात सायकल, मिक्सर, खुर्ची खोलायला ती पुरते. रोज गाड्या उघडणाऱ्यानं मात्र तिच्यात पैसे अडकवू नयेत, असं आमचं मत आहे. निम्म्याहून जास्त नगांना तुमचा हातही लागणार नाही आणि जी मापं रोज लागतात तीच आधी सैल होतील.

ती मापं कोणती? टू-व्हीलरवर बहुतेक काम ८, १०, १२ आणि १४ मिलिमीटरच्या पान्यांत होतं. सहा मिलिमीटर आट्यांच्या बोल्टचं डोकं साधारणपणे १० चं असतं. होंडाच्या घडणीच्या इंजिनांवर त्याच आट्याला ८ चं छोटं डोकंही येतं. आठ मिलिमीटर आट्याला जपानी पद्धतीत १२ लागतो, युरोपीय पद्धतीत १३. दहाच्या आट्याला जपानी पद्धतीत १४. त्यानंतर एक्सलच्या नटांना १७, १९, कुठे २२ किंवा २४. म्हणून १३ संचात असला तर असू द्या, पण १० आणि १२ दोन-दोन घ्या. एका बाजूला बोल्ट धरायचा आणि दुसऱ्या बाजूनं नट फिरवायचा, ही वेळ रोज येते.

बाजारात आठ नगांचा जो दुतोंडी संच मिळतो त्यात ६×७, ८×९, १०×११, १२×१३, १४×१५, १६×१७, १८×१९ आणि २०×२२ अशी मापं असतात. पहिली खरेदी म्हणून हाच संच रिंग प्रकारात घ्या. पैसे उरले तर फिक्स पाने. दोन्ही एकदम परवडत नसतील तर रिंग आधी, फिक्स नंतर. रिंग पाना बोल्टला चारी बाजूंनी वेढतो आणि जोर सगळ्या कोपऱ्यांवर वाटला जातो. फिक्स पान्याचं तोंड फक्त दोन बाजू धरतं, म्हणून जाम बोल्टवर जोर लावला की तोंड फाकतं आणि डोकं गोल होतं. फिक्स पान्याची खरी जागा म्हणजे केबलचा अ‍ॅडजस्टर, चेकनट किंवा रिंग आत जातच नाही असा कोपरा.

काउंटरवर काय बघायचं

चकाकी बघू नका, तोंड बघा. आमच्या काउंटरवर एका लाकडी पट्टीला ८, १०, १२, १४ मापांचे नवे बोल्ट लावून ठेवले आहेत. पाना घ्या आणि बोल्टवर बसवून हलवा. तो सहज बसला पाहिजे, पण बसल्यावर डावी-उजवीकडे खुळखुळता कामा नये. नव्या बोल्टवरच जो खुळखुळतो तो गंजलेल्या बोल्टवर नक्की घसरणार. घसरला की बोल्टचे कोपरे जातात आणि बहुतेक वेळा तुमच्या बोटांची सालंही जातात.

गोटी घेताना तिच्या तोंडात उजेड पाडून बघा. आतली कड थोडी तिरकी घासलेली असते, ती बोल्ट सहज आत जावा म्हणून. स्वस्त गोटीत ही तिरकी कड इतकी खोल असते की पातळ डोक्याच्या बोल्टला धरायला भिंतच उरत नाही. आत सहा कोपरे असलेली गोटी बारा कोपऱ्यांच्या गोटीपेक्षा घट्ट धरते, त्यामुळे ८ आणि १० मध्ये सहा कोपऱ्यांचीच मागा.

‘क्रोम व्हॅनेडियम’ हे पोलादाच्या प्रकाराचे शब्द छापलेले असले म्हणजे माल चांगला, असं समजू नका. कुठल्याही पत्र्यावर ते छापता येतात. पोलाद चांगलं असून भागत नाही, ते नीट तापवून, पाणी देऊन कडक केलेलं असावं लागतं, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे इथे ओळखीचा ब्रँड आणि पक्कं बिल हाच आधार. टपारिया तर आपल्याच नाशिकच्या सातपूरची. झलानी, ईस्टमन, स्टॅनले यांचाही माल चालतो. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही भारतीय मानकं आहेत. वेष्टनावर त्यांचा उल्लेख आहे का ते बघा. मोठ्या नावांची नक्कलही बाजारात फिरते. नावातलं एखादं अक्षर बदललेलं, ठोकलेल्या खुणेऐवजी पुसट छपाई, एकाच संचातल्या पान्यांची जाडी वेगवेगळी, असं काही दिसलं तर कितीही स्वस्त असो, तिथेच ठेवा.

पक्कड बंद करून उजेडासमोर धरा. टोकं आधी भिडायला हवीत आणि आत बारीकशी फट दिसली तरी चालेल. टोकं उघडी राहून मागचा भाग भिडत असेल तर त्या पक्कडीत बारीक पिन कधीच धरता येणार नाही. कटरनं एक पातळ तार कापून बघा. आम्ही नाही म्हणत नाही.

रॅचेट, टी पाना आणि ताकद

टू-व्हीलरसाठी अर्धा इंची ड्राइव्हचा (म्हणजे दांड्याचा जो चौकोनी खुंट गोटीत बसतो त्याचं माप) जाडजूड गोटी संच पहिल्यांदा घेऊ नका. तो एक्सलला आणि चारचाकीला. तुम्हाला पाव इंची किंवा ३/८ ड्राइव्ह पुरेल. कारण साधं आहे. सहाच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर एवढंच टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतं. एक फुटी दांडा असेल तर टोकाला साडेतीन किलोच्या आसपास जोर लावला की झालं. लांब दांड्याला हाताची सवय असलेला माणूस त्याच्या दुप्पट ओढतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे निघून येतात. मग बुश बसवा, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा, आणि गिऱ्हाईकाचं बोलणं ऐका.

रॅचेटमध्ये, म्हणजे गोटीला एकाच दिशेनं फिरवणाऱ्या दांड्यात, दात मोजतात. २४ दातांचा रॅचेट दर क्लिकला १५ अंश सरकतो, ७२ दातांचा ५ अंश. फ्रेमच्या आत हात घालून काम करताना हा फरक कळतो. त्याखालोखाल ८, १०, १२, १४ चे टी पाने. साइड पॅनेल आणि कव्हर उघडण्यात टी पान्याइतका वेग दुसऱ्या कशात नाही, आणि किंमतही बेताची.

स्पार्क प्लगचा पाना वेगळा घ्या. दहाच्या आट्याचा प्लग १६ च्या पान्यानं निघतो, बाराचा १८ च्या, आणि जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा चौदाचा प्लग २१ च्या. आत रबर असलेला घेतलात तर प्लग पडून पोर्सेलिन फुटत नाही.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल थोडं जास्त

इथे पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. कार्बोरेटरच्या बाऊलचे आणि पुढच्या ब्रेकच्या ऑइल टाकीवरच्या झाकणाचे चौफुली स्क्रू जपानी घडणीच्या गाड्यांत जपानी मापाचे असतात. काहींच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसतो, तीच त्यांची खूण. साधा फिलिप्स त्यांच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि चौफुली खाऊन टाकतो. या मापाचा ड्रायव्हर मिळाला तर एक घ्याच. नसेल तर जाम स्क्रूसाठी हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर ठेवा. ठोका बसतानाच तो स्क्रूला दाबतो आणि फिरवतो.

स्क्रू पाना, म्हणजे ज्याचं तोंड लहान-मोठं होतं तो, दहा इंची एक पुरे. वापरताना जोर नेहमी न हलणाऱ्या जबड्यावर येईल अशा बाजूनं ओढा.

काय थांबू शकतं

टॉर्क रेंच (जोर मोजून आवळणारा पाना), मॅग्नेट पुलर, क्लच होल्डर, सर्क्लिप पक्कड ही हत्यारं काम येईल तशी घ्या. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांसाठी दोष वाचणारा स्कॅनर लागतो हे खरं. पण दोष बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये किंवा वायरमध्ये असतो, आणि तो साध्या मल्टिमीटरनं सापडतो. आधी तो घ्या.

जुन्या बाजारातले पाने वाईट नसतात, फोर्ज केलेला जुना पाना आजही चालतो. तोंड फाकलेलं नाही एवढं बघा. जुना रॅचेट आणि जुना टॉर्क रेंच मात्र घेऊ नये.

पैशांबद्दल दोन ओळी. पीएम विश्वकर्मा योजनेत टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, पण त्यातल्या १८ व्यवसायांत गाडी मेकॅनिक नाही. लोहार आणि कुलूपवाले आहेत. मेकॅनिकनं सरकारच्या मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ कर्जाची चौकशी करावी. ते ५०,००० रुपयांपर्यंत असतं.

आमच्याकडून बदली

नवी गोटी किंवा पाना साध्या वापरात फुटला, तर बिल आणि तुकडे दोन्ही आणा. कंपनीच्या नियमांत बसेल तिथे बदलून देऊ. दांड्याला पाइप घालून वाकवलेला पाना, हातोडीनं ठोकून चपटी झालेली गोटी आणि छिन्नी म्हणून वापरलेला स्क्रू ड्रायव्हर बदलून मिळत नाही. वापर कसा झाला, ते खुणेवरून लगेच कळतं.