स्वभावाला औषध नाही, पण आठवणीला?

स्वभावाला औषध नाही, असं आपण सर्रास म्हणतो. त्यामुळे कादंबरीतला दगाबाज माणूस शेवटी शेवटी सुधारला, की अनेकांना ते पटत नाही. मला मात्र ती पानं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. मेंदूतली एक विलक्षण प्रक्रिया मला तिथे दिसते : आठवणीचं पुनर्दृढीकरण, म्हणजे जागी झालेली आठवण पुन्हा पक्की होणं.

२००० साली करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू या मेंदूसंशोधकांनी उंदरांना एक आवाज ऐकवला आणि त्याला जोडून पायांना विजेचा झटका दिला. मग नुसता आवाज आला तरी उंदीर जागीच थिजायचे. दुसऱ्या दिवशी तो आवाज एकदाच ऐकवून त्यांच्या अमिग्डलात, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी निगडित भागात, अॅनिसोमायसिन सोडलं. हे औषध नवी प्रथिनं बनू देत नाही. पुढच्या दिवशी भीती बरीच ओसरलेली होती! आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तेव्हा मात्र ती जशीच्या तशी राहिली. दोन आठवडे मुरलेली आठवणही अशीच ढिली पडली.

म्हणजे जागी झालेली आठवण काही तास कच्ची असते. चेतासंधीतली, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यातली, काही जुनी प्रथिनं प्रोटिआसोम हे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र तोडतं, आणि नवी प्रथिनं घालून तो सांधा पुन्हा बांधावा लागतो. पण नुसती उजळणी बहुधा पुरत नाही. अपेक्षा एक आणि घडलं भलतंच, अशी तफावत पडावी लागते.

आता कादंबरीकडे या. रात्ररात्र तळमळणारा नायक बदलत नाही, कारण तो तीच घटना त्याच शेवटासह घोकत असतो. मग एक दिवस, ज्याला फसवलं त्याच्या दारात तो शिव्या खायच्या तयारीने उभा राहतो. समोरचा काही न बोलता बाजूला सरतो, आत यायला वाट देतो. तफावत पडते ती इथे. घटना पुसली जात नाही. तिचा डंख बोथट होऊ शकतो. उंदरांपासून इथवरची उडी अर्थात माझी.

‘एका बैठकीत जुन्या जखमा पुसतो’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. भीतीची आठवण सौम्य व्हावी म्हणून माणसांना प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषध देऊन केलेल्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. हात धुतल्याने अपराधीपणा हलका होतो, हे २००६चं गाजलेलं संशोधनही पुढच्या पडताळण्यांत डळमळलं.

पण तो नायक दारापर्यंत पोचतो कसा? मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी लाज आणि अपराधभाव यांतला फरक अभ्यासला. ‘मी वाईट आहे’ असं वाटणारा बहुधा तोंड लपवतो. ‘मी वाईट केलं’ असं वाटणारा भरपाईला निघतो, आणि दार वाजवताना त्याच्या हातात परत करायचं काहीतरी असतं.