मस्तिष्क-मेरुद्रवाचे प्रतिमाकरण

मेंदूभोवती, मेंदूतील विवरांत आणि मेरुरज्जूभोवती असलेल्या स्वच्छ द्रवाची (सीएसएफ) हालचाल कवटी न उघडता टिपण्याची तंत्रे. प्रौढ माणसात हा द्रव सुमारे १५० मिलि असतो आणि रोज सुमारे ५०० मिलि नव्याने तयार होतो, म्हणजे दिवसभरात तो तीनदा तरी बदलतो. पूर्वी तो पाहण्यासाठी रुग्णाला बराच त्रास सोसावा लागे. १९१९ मध्ये अमेरिकी मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी द्रवाच्या जागी हवा भरून क्ष-किरण चित्रे घेतली; पुढे पाठीच्या कण्यातून किरणोत्सारी द्रव्य सोडून त्याचा माग काढला जाऊ लागला.

आज मुख्य साधन म्हणजे फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआय. यात टोचावे काहीच लागत नाही. चुंबकीय क्षेत्रात आधी एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने चढउतार निर्माण करतात. स्थिर ऊतीवरचे दोन्ही परिणाम एकमेकांना रद्द करतात. हललेल्या पाण्यातील हायड्रोजनच्या संकेतात मात्र वेगाच्या प्रमाणात फरक उरतो. चित्रात एका दिशेचा प्रवाह पांढरा, उलट दिशेचा काळा आणि स्थिर भाग करडा दिसतो. मोजणी हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून घेतात.

या चित्रांनी एक जुनी कल्पना बदलली, आणि हेच या तंत्राचे मोठे श्रेय. द्रव नदीसारखा एकाच दिशेने वाहत नाही, तो पुढेमागे हेलकावतो. हृदय आकुंचन पावले की मेंदूत रक्त शिरते; कवटी ताणली जात नाही, म्हणून द्रव मानेकडे ढकलला जातो आणि नंतर परततो. दीर्घ श्वास घेताना तो डोक्याकडे खेचला जातो. गाढ झोपेत मेंदूच्या संथ विद्युत लहरींमागोमाग रक्ताचे प्रमाण घटते आणि द्रवाच्या मोठ्या लाटा आत येतात, असे २०१९ मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी दाखवले.

कियारी विकृतीत (लहान मेंदूचा खालचा भाग मानेकडे सरकलेला असतो) कवटीच्या तळाशी प्रवाह अडला आहे का, किंवा शस्त्रक्रियेने विवराला पाडलेले छिद्र खुले आहे का, हे ठरवायला ही तपासणी फार उपयोगी पडते. वृद्धांमधील नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसच्या (दाब फारसा न वाढता विवरे द्रवाने फुगण्याचा विकार) निदानात मात्र केवळ प्रवाहाच्या आकड्यावर विसंबू नये; चालण्यातील बदल, स्मृती आणि लघवीवरील ताबा यांचा विचार आधी करावा. द्रवाचा दाबही या चित्रांतून थेट मोजता येत नाही.

रक्तवाहिन्यांलगतच्या सूक्ष्म जागांतून हा द्रव मेंदूच्या ऊतीत शिरतो, हे २०१२ मध्ये उंदरांत सूक्ष्मदर्शकाने दिसले. माणसात गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उठून दिसणारे द्रव्य) कण्यातील द्रवात सोडून अनेक तासांनी पुन्हा एमआरआय काढल्यास ते मोठ्या धमन्यांच्या कडेने मेंदूत पसरलेले दिसते.